तळं स्वतःला कसं धुतं?

एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग हा आम्हा सिव्हिलवाल्यांचा वासाचा विषय. सांडपाणी म्हटलं की मागचा बाक नाक धरतो. पण त्यातलं तळ्यांचं प्रकरण मला मनापासून आवडलं. तिथे पंप नाही, मोटर नाही आणि लाईट गेली म्हणून काम थांबत नाही.

माणसाच्या पोटातले जंतू ३७ अंशांच्या उबेत, आयत्या जेवणावर वाढलेले असतात. (घरून नुकत्याच हॉस्टेलला आलेल्या एफईवाल्यांसारखेच म्हणा ना!) तळ्यात पडले की त्यांचे हाल सुरू. पाणी गार, खायला कमी, आणि तिथले मूळचे रहिवासी जंतू यांच्या हाती घास लागू देत नाहीत. प्रोटोझोआ त्यांना गिळतात, बॅक्टेरिओफाज नावाचे विषाणू आत शिरून फोडतात. काही गाळाला चिकटून तळाशी बसतात.

खरा मारेकरी मात्र ऊन. अतिनील किरण जंतूंच्या डीएनएवरच घाव घालतात, पण गढूळ पाण्यात ते खोल जात नाहीत. तिथे शेवाळ मदतीला येतं. भर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच ९ च्या वर चढतो आणि ऑक्सिजनही वाढतो. पाण्यातली काही रंगीत द्रव्यं साधा उजेड शोषून या ऑक्सिजनपासून जहाल रेणू तयार करतात. ते जंतूंचं आवरणच खराब करतात.

आता थोडं गणित, कारण आपण इंजिनिअर! दक्षिण आफ्रिकेच्या मराइस यांनी १९७४ मध्ये सांडपाण्याच्या तळ्यांसाठी सूत्र दिलं. पाणी जितके दिवस थांबतं त्याला एका गुणांकाने गुणायचं, त्यात १ मिळवायचा, आणि येणाऱ्या संख्येने सुरुवातीच्या जंतूंना भागायचं. हा गुणांक २० अंशांना २.६, पुढे दर अंशाला १९ टक्के वाढतो, म्हणजे २५ अंशांना साधारण ६.२. एकाच तळ्यात पाणी १५ दिवस ठेवलं तर ९४ जंतूंमागे एक उरतो. तेच पाणी पाच-पाच दिवस तीन तळ्यांतून फिरवलं, तर ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे बत्तीस हजारांहून जास्त जंतूंमागे एक! दिवस तेवढेच. एकाच मोठ्या तळ्यात आत्ता आलेलं थोडं पाणी लगेच बाहेर सटकतं, तीन तळ्यांत त्याला ही पळवाट तीनदा सापडावी लागते.

म्हणून ट्रेकला गेल्यावर तळ्याचं पाणी ओंजळीने पिऊ नका, दोस्तहो. आपल्या पावसाळ्यात ऊन गायब, पाण्याला थांबायला वेळ नाही, आणि तळाशी बसलेले जंतू गाळासकट वर येतात. शिवाय सगळेच काही पाहुणे नसतात. कॉलऱ्याच्या जंतूला अल्कधर्मी पाणी मानवतं, आणि तो कोपेपॉड नावाच्या बारीक जिवांना चिकटून तळ्यात आरामात राहतो. बांगलादेशातल्या बायकांनी तळ्या-नद्यांचं पाणी जुन्या साडीच्या घडीतून गाळलं, तर हे जीवच साडीत अडकले. रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या अभ्यासात त्या गावांतला कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला होता. साडी जुनीच हवी. धुऊन-धुऊन तिचे धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात.