शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब

कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे मूत्राशयावर ताबा नसलेल्या मुलांसाठी फ्रान्सचे शल्यविशारद पॉल मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचीच वाट करण्याची पद्धत १९८० मध्ये मांडली: एक टोक मूत्राशयात, दुसरे पोटावर, मुलाच्या हाताशी. मूत्राशय लहान असल्यास आतड्याचा तुकडा जोडून ते वाढविताही येते. मूल कोरडे राहते. पण दर तीन-चार तासांनी, आणि तेही जन्मभर, नळी घालूनच मूत्राशय रिकामे करावे लागते. हयगय झाली तर मूत्रपिंडेच धोक्यात येतात. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, म्हणून त्याला देणगीदार मिळतात. नळ्यांचा खर्च रोजचा. तो घरच्यांच्याच माथी. नळी स्वच्छ असली की पुरे, ती निर्जंतुक असलीच पाहिजे असे नाही, हे अमेरिकेत जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्येच मांडले होते. पण त्या स्वच्छतेसाठी शाळेत पाणी, साबण आणि आतून कडी लागणारे शौचालय तरी हवे ना?