खळी पडली की पत्रा ताठ

पत्र्याला भोक पाडलं की तो कमजोर होतो, हे कुणीही सांगेल. पण त्याच भोकाची कड चहूबाजूंनी एकसारखी खाली वळवली, तर तो पत्रा सपाट, अखंड पत्र्यापेक्षाही ताठ होऊ शकतो. वर वजन कमी झालं ते वेगळंच! हे काम करणाऱ्या साच्यांच्या जोडीला फॅब्रिकेशनवाले डिंपल डाय म्हणतात; डिंपल म्हणजे खळी. एक नर, एक मादी, मध्ये पत्रा आणि वरून प्रेसचा दाब.

हिशेब करून बघा. १.२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यात ५० मिलिमीटर व्यासाचं भोक पाडलं तर साधारण १८ ग्रॅम लोखंड निघून जातं. अशी वीस भोकं म्हणजे पाव किलोहून जास्त. ताठपणासाठी पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट ताठ होतो, पण वजनही दुप्पट होतं. खळी मात्र नवीन लोखंड मागतच नाही. असलेलंच लोखंड ती पत्र्याच्या पातळीपासून दूर नेते, आणि धातू जितका दूर तितका वाकायला कठीण.

विमानवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं. पंखांच्या आतल्या फासळ्या पाहिल्या तर ओळीनं वळलेल्या कडांची भोकं दिसतात. विमानाच्या कातडीत आणखी एक बारीक खळी असते, रिव्हेटच्या डोक्यासाठी. पत्रा इतका पातळ की त्यात उतरता खड्डा कोरायला जागाच नाही. म्हणून पत्राच दाबून खळगा करतात, रिव्हेटचं डोकं त्यात सपाट बसतं आणि वाऱ्याला अडायला काही उरत नाही.

पत्रा साच्यात दाबण्याचं हेच काम सोन्यातही चालतं; ते पाहायला आता पालघर जिल्ह्यातल्या घिवली गावाकडे या. एका अंगाला समुद्र, शेजारी १९६९ पासून वीज देणारं तारापूरचं अणुऊर्जा केंद्र, आत बोईसरची एमआयडीसी. पण या पट्ट्याची मला सर्वांत प्रिय ओळख वेगळी आहे: डायमेकिंग. चिंचणी-तारापूर परिसरातल्या गावांत सोन्याचांदीच्या दागिन्यांचे पोलादी साचे कोरणारे कारागीर आहेत. मंगळसूत्राची वाटी, पोकळ मणी, कर्णफुलाची पाकळी, हे सगळं आधी पोलादात उलटं कोरलं जातं. जिथे सोनं वर यायचं तिथे पोलाद खोल. हा उलटा नकाशा डोक्यात ठेवून छिन्नीनं रेघ उमटवणारा हात मला थोर वाटतो. आता सीएनसी यंत्रंही कोरतात, तरी बारीक नक्षीची नजर माणसाचीच लागते.

या साच्यानं किती सोनं वाचतं? ६ मिलिमीटर व्यासाचा भरीव मणी २२ कॅरेटमध्ये साधारण २ ग्रॅमचा होईल. तोच दोन अर्ध्या वाट्या दाबून, डाग देऊन पोकळ केला आणि पत्रा ०.१ मिलिमीटरचा ठेवला, तर जेमतेम ०.२ ग्रॅम. दहाव्या हिश्श्यात तोच आकार! इतका पातळ पत्रा चेपून जात नाही, कारण तो गोल आहे. सपाट असता तर बोटानं मुडपला असता.

पोलादाची तयारी हाही एक खेळच. कोरताना ते मऊ हवं, दाबताना कठीण. म्हणून कोरून झाल्यावर ते लालबुंद तापवून तेलात विझवतात. किती तापलं हे कळायला जुनी युक्ती म्हणजे लोहचुंबक: ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंड चुंबकाला दाद देत नाही. विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. घासलेल्या पृष्ठभागावर गवती पिवळा रंग चढला की सव्वादोनशे अंशांच्या आसपास पोहोचलो, निळा दिसला की तीनशेच्या. थर्मामीटर नसलेल्या काळापासून कारागीर हा रंग वाचत आले.

प्रेसही दोन जातींचे. फ्लाय प्रेसच्या आडव्या दांड्याला जड गोळे असतात. एक फेरा दिला की गोळ्यांचा वेग स्क्रूमधून ठोक्यात उतरतो. हायड्रॉलिक प्रेस ठोकत नाही, शांतपणे रेटतो. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामानं त्याचं पेटंट १७९५ साली घेतलं. १ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दिलेला जोर ५० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पन्नासपट होऊन येतो. लोखंडी पत्र्यावर मोठी खळी पाडायची तर हाच बरा, कारण पत्र्याला ताणायला वेळ मिळतो.

आणि खळी फाटते कशामुळे? बहुतेक वेळा भोकाच्या कडेवरच्या बरमुळे, म्हणजे भोक पाडताना उरलेल्या टोकेरी किनारीमुळे. ५० मिलिमीटरचं भोक ६० पर्यंत उघडलं तर कड २० टक्के ताणली जाते. कडेवर जरा खरबडीत दात राहिला की तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून दोन्ही बाजूंनी कानस फिरवा, कड बोटाला गुळगुळीत लागू द्या, थोडं तेल लावा आणि मगच प्रेसचा दांडा ओढा.