जुन्या गाडीची टकटक
फरीदाबादला एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात बनणारी राजदूत मोटरसायकल टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनात वाजायला टॅपेटच नव्हते. आज सेकंडहँड मिळते ती बहुधा फोर-स्ट्रोक, आणि तिची टकटक म्हणजे बहुतेकदा टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली वाढलेली फट. ही फट इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून मोजावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फीलर गेज फटीतून किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रूने फट जुळवून लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू हलतो. आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेणे सर्वांत वाईट: व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक चालेल. फट बरोबर असूनही खडखड राहिली, तर कॅम चेन तपासून घ्या.