'बक' : एका लुप्त इंग्रजी शब्दाचे मूळ

हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात (1886) 'बक' हे क्रियापद नोंदलेले आहे. वायफळ आणि त्यातही आत्मप्रौढीने बोलत राहणे, हा त्याचा अर्थ. आज हा शब्द इंग्रजीच्या व्यवहारातून लोपला आहे. नर हरिण किंवा उधळणारा घोडा यांच्याशी निगडित असा समोच्चारी शब्द इंग्रजीत पूर्वीपासून होता. म्हणून कोशकारांनी 'बकना' हे हिंदुस्तानी मूळ नमूद केले नसते, तर त्याचे भारतीयत्व सहज विस्मृतीत गेले असते.

तथापि व्युत्पत्तीचा शोध 'बकना'पाशी संपत नाही. संस्कृत 'वच्' धातूशी, विशेषतः 'वक्ता', 'वाक्य' या रूपांशी, त्याचे साम्य मोह पाडणारे आहे. कारण हिंदीत आद्य 'व'चा 'ब' होतो. कन्नडातही हाच प्रकार आढळतो. बंगळूरच्या चामराजपेट भागात कन्नड साहित्य परिषदेचे (स्थापना 1915) कार्यालय असून तिचा अष्टखंडात्मक कन्नड कोश 1970 ते 1995 या काळात सिद्ध झाला. त्या भागाला लागून असलेल्या बसवनगुडीच्या नावातच हा ध्वनिबदल दिसतो : 'वृषभ'पासून 'बसव'. देशी शब्दांतही तमिळ 'वा' (ये) याला कन्नडात 'बा' हा प्रतिशब्द आहे.

या दोन भाषांच्या मध्ये असलेली मराठी मात्र 'व' राखते. 'बीस', 'बाट', 'बिच्छू' यांच्याशेजारी 'वीस', 'वाट', 'विंचू' ठेवून पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. म्हणूनच मराठी 'बकणे'ची साक्ष निर्णायक ठरते. हा शब्द 'वच्'पासून मराठीत वंशपरंपरेने उतरला असता, तर 'वाचा', 'वाचणे' यांप्रमाणे त्याच्या आरंभी 'व' असता. तेव्हा दोनच पर्याय उरतात : तो हिंदीतून आला असावा, किंवा मुळातच ध्वन्यनुकारी असावा. 'बकबक' हे द्विरुक्त रूप दुसऱ्या पर्यायाला पुष्टी देते. 'बडबड', इंग्रजी 'बॅबल', ग्रीक 'बार्बरोस' या शब्दांतही अर्थहीन वा अनाकलनीय बोलण्याचा भाव ओठांवरील 'ब'च्या आवृत्तीनेच व्यक्त झाला आहे.

अर्थाच्या बाजूनेही एक भेद लक्षणीय आहे. मराठी 'बकणे'त निरर्थकता आहे, फुशारकी नाही. साहेबी मेजवान्यांतील शिकारकथांना लागू पडणारी ती छटा अँग्लो-इंडियन वापरातच ठळक झालेली दिसते.