मुक्त परवाना आणि साहित्यकृतीचे स्वामित्व

लेखक, प्रकाशक आणि वाचक यांच्या परस्परसंबंधांचा विचार मराठी समीक्षेने अभिरुचीच्या अंगाने पुष्कळ केला; कायद्याच्या अंगाने तो क्वचितच झाला आहे. त्यामुळे ‘मुक्त परवाना’ ही संकल्पना आपल्याकडे संगणकक्षेत्रातील लोकांची बाब समजली जाते. वस्तुतः तिचा संबंध थेट अनुवाद, संपादन आणि अध्यापन यांच्याशी, म्हणजे आपल्या नित्याच्या कामाशी आहे.

‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था लॉरेन्स लेसिग आदींनी २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन केली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. त्यामागे एक तात्कालिक कारण होते. १९९८ च्या कायद्याने अमेरिकेतील प्रताधिकाराची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढविण्यात आली होती. जुनी पुस्तके संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून देणाऱ्या एरिक एल्ड्रेड यांनी या वाढीस न्यायालयात आव्हान दिले. लेसिग हे त्यांचे वकील होते. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने निर्णय त्यांच्या विरोधात दिला. परंतु जे कायदा बदलून साधत नव्हते, ते कायद्याच्याच चौकटीत लेखकाच्या स्वेच्छेने साधण्याचा मार्ग तोवर खुला झालेला होता.

हा मार्ग असा: लेखक आपला प्रताधिकार सोडीत नाही, त्यातील काही हक्क तो सर्वांना आगाऊ देऊन ठेवतो. श्रेयनिर्देश ही या परवान्यांतील मूलभूत अट होय. तिच्या जोडीला ‘व्यापारी वापर नको’, ‘रूपांतर नको’ आणि ‘रूपांतर केल्यास तेही याच अटींवर द्यावे’ या तीन अटी येऊ शकतात. शेवटच्या दोन अटी एकत्र संभवत नाहीत, हे उघड आहे. म्हणून एकंदर परवाने सहाच होतात. ‘कॉमन्स’ या शब्दाला आपल्याकडील जवळचा शब्द ‘गायरान’. मात्र गायरान चरून उजाड होते, कविता वाचून उजाड होत नाही. त्यामुळे हे रूपक फार ताणू नये.

या संदर्भात संतसाहित्याचा दाखला देण्याचा मोह अनेकांना होतो. कीर्तनकारांच्या मुखातून आणि हस्तलिखितांतून पसरलेले अभंग म्हणजे मुक्त परवान्याचेच पूर्वरूप, असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत ग्राह्य वाटत नाही. परवानगीसाठी आधी मालकी लागते; आणि मध्ययुगीन काव्यव्यवहारात या अर्थाची मालकी नव्हती. तेथे होती ती नाममुद्रा. ती कर्तृत्व सांगते, हक्क सांगत नाही. किंबहुना नाममुद्रा दुसऱ्यालाही वापरता येत असल्यामुळेच प्रक्षेपाचा प्रश्न पाठसंपादकांपुढे आजही उभा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तिच्यात पदरची ओवी घालू पाहणाऱ्यास स्पष्ट निषेधाची ताकीद दिली. ग्रंथाच्या प्रसारास त्यांची ना नव्हती. आक्षेप होता तो पाठ बदलण्यास. आजच्या परिभाषेत हे ‘रूपांतर नको’ या अटीच्या जवळचे आहे. पण तिचा आधार मालकी हा नसून ग्रंथावरील श्रद्धा हा आहे, हा भेद मूलगामी होय.

भारतीय कायद्याची स्थिती येथे थोडक्यात नोंदविली पाहिजे. १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत असल्याच्या पार्श्वभूमीवर ती साठ वर्षे करण्यात आली. त्यामुळे १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. तुकारामांचे अभंग तर कोणाच्याच मालकीचे नाहीत. परंतु दिलीप चित्रे यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद (१९९१) २०६९ अखेरपर्यंत संरक्षित राहील, कारण चित्रे २००९ मध्ये निवर्तले. मूळ संहिता मुक्त असली तरी तिचा अनुवाद, प्रस्तावना आणि टीपा मुक्त असतातच असे नाही. अभ्यासक्रमासाठी संकलने करताना हा विवेक सुटतो असे वारंवार दिसते.

मुक्त परवान्याचे लाभ कोठे ठसठशीत दिसतात, याचे उदाहरण शेजारच्या कोकणीत आहे. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश २०१३ मध्ये ‘श्रेयनिर्देश व समान अटी’ या परवान्याखाली खुला केला. विकिपीडियाचा मजकूरही २००९ पासून याच प्रकारच्या परवान्याखाली आहे. त्यामुळे विश्वकोशातील नोंदी तेथे घेणे, सुधारणे, वाढविणे हे सारे पुन्हा परवानगी न मागता शक्य झाले. विश्वकोशात ‘व्यापारी वापर नको’ ही अट असती तर हे घडले नसते. ही अट लेखकाला सुरक्षित वाटते खरी, पण तिची कक्षा संदिग्ध आहे. विद्यापीठाने सशुल्क विकलेला पाठ्यग्रंथ व्यापारी की अव्यापारी, यावर दोन जाणकारांचे एकमत होणे कठीण.

आक्षेपांपैकी एक मात्र गंभीर आहे. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. लेखकाने पुढे वितरण थांबविले तरी आधी प्रत घेतलेल्यांचा हक्क, त्यांनी अटी पाळल्या असता, कायम राहतो. वेतनावर जगणाऱ्या अध्यापकाला आपला शोधनिबंध असा खुला करणे सोपे आहे. मानधनावर अवलंबून असलेल्या कवीला किंवा अनुवादकाला तेच औदार्य सुचविण्यापूर्वी आपण थांबावयास हवे. दोघांना एकच न्याय लावणारी मुक्ततेची भाषा अपुरी आहे.

प्रबंधांचे तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर पीएच.डी. प्रबंधांच्या संगणकीय प्रती जमा होऊ लागल्या व वाचावयास मिळू लागल्या. पण वाचावयास मिळणे निराळे आणि त्यातील परिशिष्टात जुळविलेली लोकगीतांची संहिता नव्या संकलनात घेण्याची अनुमती असणे निराळे. ती अनुमती संशोधकाने मुखपृष्ठामागे एका ओळीत नोंदवून ठेवली, तर पुढच्या संपादकाला त्याचा पत्ता शोधीत फिरावे लागणार नाही. त्या गीतांवर गाणाऱ्या स्त्रियांचा हक्क कोणता, हा प्रश्न मात्र त्या ओळीने सुटत नाही.