विषाला मात्र कुलूप हवे

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना घोडेगाव लागते. शनिशिंगणापूरला निघालेले भाविक येथूनच वळतात. जनावरांच्या बाजारासाठीही हे गाव पंचक्रोशीत ख्यातनाम आहे. अशा गावी श्रावणी अमावास्येच्या पोळ्याचे महत्त्व काय वर्णावे! बैलांना न्हाऊ घालावे, खांद्यांना हळद-तूप चोळावे, शिंगे रंगवावीत आणि पुरणपोळीचा घास भरवावा. वर्षभर राबणाऱ्या मुक्या सोबत्याविषयीची ही कृतज्ञता होय.

परंतु त्याच गोठ्याच्या कोनाड्यात पुष्कळदा कीटकनाशकाची बाटलीही असते. समुद्रमंथनातून निघालेले हलाहल श्रीशंकरांनी जाणूनबुजून कंठी धारण केले. आजचे विष पाण्यात मिसळताच पुष्कळदा दुधासारखे पांढरे दिसते. अजाण बालकाने अथवा मुक्या जनावराने ते कसे ओळखावे?

१९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले पीठ पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. त्यांनी प्रत्येक डब्यावर कोनावर उभ्या चौकोनाची खूण बंधनकारक केली. तिचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटी व हाडांचे चित्रही असते. पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, तर हिरवा त्यामानाने सौम्य. अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता यावी अशी ही लिपी आहे. सोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व उतारा दिलेला असतो.

तरीही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणांस मुकले. डब्यावरील खूण सावध करते. पण तोंडाला फडके, हातांत मोजे व वाऱ्याच्या दिशेचे भान ही दक्षता फवारणाऱ्यालाच घ्यावी लागते. राबवून घेणाऱ्या धन्याने ती साधने मजुराला पुरवावीत, हेही तितकेच खरे.

कायद्याचा हात कारखान्यापासून दुकानापर्यंत पोचतो. उंबरठ्याच्या आत गृहस्थाचाच धर्म चालतो. उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतले की ती खूण डब्यावरच राहते आणि विष निनावी होते. रिकाम्या डब्यातून गुरांना पाणी पाजणे हाही तसाच घात. दुर्दैवाने कोणी विष प्यालेच, तर वैद्याकडे धावताना तो डबा व माहितीपत्रक बरोबर न्यावे. कोणते विष पोटात गेले हे त्यावरूनच त्यांना कळते.

शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारे न बसविण्याची परंपरा आहे. शनिदेवावरील ती श्रद्धा वंदनीय आहे. परंतु ती चोरापासूनचे अभय देते, विषापासूनचे नव्हे. विक्रेत्याने विष स्वतंत्र खोलीत वा कुलूपबंद कपाटात ठेवावे, असे नियमच सांगतो. तेच व्रत गृहिणींनी घरी घ्यावे. यंदाच्या पोळ्याला शिंगे रंगविताना मुलांना ते चार रंगही समजावून सांगावेत. नैवेद्याच्या ताटाइतकेच गोठ्याचे कोनाडेही निर्मळ असले, तर सणाचे मांगल्य वर्षभर घरात नांदेल.