एकाच डिस्कचीं दोन मापें

नागपूर शहराला ज्या ठिकाणांहून पाणी मिळतें, त्यांत कन्हान हें एक होय. तेथें नदीचें पाणी उचलून, शुद्ध करून शहराकडे धाडण्यांत येतें. केंद्रांतून बाहेर पडलेल्या पाण्याचें माप एक, आणि घरोघरच्या मीटरांची बेरीज दुसरी. वाटेंत नळ गळतात, कोठें मीटरच नसतो. म्हणून कोणत्याही शहरांत हीं दोन मापें तंतोतंत जुळत नाहींत. तरी त्यांपैकीं एक खोटें आहे, असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं.

संगणकाच्या डिस्कचा हिशेबही असाच आहे. लिनक्स ही प्रणाली फिनलंडमधील लायनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केली; आज असंख्य कचेऱ्यांचीं दप्तरें तिच्यावर चालतात. डिस्क किती भरली हें सांगणारीं तिचीं दोन साधनें प्रसिद्ध आहेत: ‘डीएफ’ आणि ‘डीयू’. एक म्हणतें, डिस्क काठोकाठ भरली. दुसरें म्हणतें, अजून पुष्कळ जागा आहे. मग खरें कोणाचें?

‘डीएफ’ हें केंद्रावरील मापकासारखें आहे. तें डिस्कच्या मुख्य खातेवहीला एकच प्रश्न विचारतें: किती जागा देऊन टाकली, किती उरली? ‘डीयू’ मात्र फोल्डरोफोल्डरीं हिंडून, दिसेल त्या फाइलीनें अडविलेली जागा मोजून बेरीज करतें. जी फाइल त्याला दिसत नाहीं, ती बेरजेंत येत नाहीं.

न दिसणारी फाइल ती कोणती? एखादा कार्यक्रम आपली रोजनिशी एका फाइलींत अखंड लिहीत असतो. ती फार फुगली म्हणून कोणी पुसून टाकतो. नांव तत्काळ नाहींसें होतें. परंतु कार्यक्रमानें फाइल उघडी धरलेली असल्यामुळें जागा सुटत नाहीं. ‘डीएफ’ ती जागा मोजतें, ‘डीयू’ मोजत नाहीं.

दुसरें कारण राखीव जागेचें. ‘एक्स्ट४’ या प्रचलित रचनेंत शेंकडा ५ भाग सामान्यतः व्यवस्थापकासाठीं राखून ठेवलेला असतो. १०० भागांपैकीं ५७ भरले असतां कोणी ५७ टक्के म्हणेल. ‘डीएफ’ राखीव ५ वगळून ९५ शीं प्रमाण काढतें आणि ६० टक्के सांगतें.

तिसरें कारण परिमाणाचें. डिस्क विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो, कित्येक साधनें १,०२४ च्या पटीनें. म्हणून एक टेराबाइटची नवी डिस्क घरीं आणली कीं ९३१ च भरते. दुकानदारानें मात्र लबाडी केलेली नसते. शिवाय डिस्कवरील जागा बहुधा ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनीं दिली जाते. एका अक्षराच्या चिठ्ठीलाही अख्खा ठोकळा लागतो.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. डिस्क भरली कीं नवी नोंद होणें थांबतें, आणि घाबरलेला कारकून जुनीं, मोलाचीं कागदपत्रें पुसूं लागतो. खरी अडचण मात्र त्या उघड्या राहिलेल्या फाइलींत असूं शकते. ‘एलएसओएफ’ या साधनानें तिला धरून ठेवणारा कार्यक्रम हुडकावा आणि तो रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा; जागा आपोआप सुटते. म्हणून आंकडे जुळले नाहींत तर पुसण्यास हात घालण्यापूर्वीं, कोणतें माप कोठें उभें राहून घेतलें, हें आधीं विचारावें.